मावशींच्या गिऱ्हाइकांचा फॉर्म

वेबसाइटवरचे फॉर्म बनवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. शाळाप्रवेशाचे, विम्याचे, कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे. तुम्ही चिडून जे रकाने भरता, ते बनवणाऱ्यांपैकी मी एक. मी ते भराभर बनवते आणि त्याचा मला गर्वही आहे. लॅपटॉपवर माझं एक फोल्डर आहे. त्यात नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड असे तयार रकाने आपापल्या नियमांसकट ठेवलेत. मोबाइलचे आकडे दहाच हवेत, पिनकोडचे सहाच, चुकलं की लाल अक्षरं. हवे ते उचलायचे, एकाखाली एक लावायचे, मथळा बदलायचा. ऑफिसात मी चहा येईपर्यंत फॉर्म उभा करून दाखवलाय. आता दाखवायची काही गरज नव्हती, पण स्वभावाला औषध नाही.

मागच्या वर्षी मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मावशी म्हणजे दिवाळे गावच्या कोळीण, बेलापूरच्या बाजारात मासे घेऊन बसतात. आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून आमच्या घरी मासे त्यांचेच. डॉक्टरांनी तीन महिने खाली बसायला बंदी केली होती.

“गुडघ्याचा काय नाय, बाय,” त्या मला म्हणाल्या, “पन गिऱ्हाईक एकदा दुसरीच्या टोपलीपाशी बसला का मंग उठत नाय.”

एवढ्या खमक्या बाईचा आवाज तेव्हा पहिल्यांदाच बारीक झालेला ऐकला आणि मला फार वाईट वाटलं. त्यांची सून तुर्भ्याच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला जाते. बाजारात बसणं तिला शक्य नव्हतं, पण सकाळी होडीवरून मासे घेऊन स्कूटरवर घरोघर पोचवायला ती तयार होती. “पण ताई, होडीवर मासे बघू का चाळीस लोकांचे फोन घेऊ?” ती म्हणाली. तिला हातात एक यादी हवी होती.

“यादीचं टेन्शन घेऊ नकोस,” मी म्हटलं आणि घरी येऊन अर्ध्या तासात फॉर्म केला. ट्रान्सपोर्टवाल्यांचा माल-बुकिंगचा फॉर्म उचलला, ‘माल’च्या जागी ‘मासळी’ घातलं, टनाचे किलो केले. वर माशाचं छोटं चित्रसुद्धा लावलं. सुनेने लिंक सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवली.

पहिल्या दिवशी एकच ऑर्डर आली. ती माझी होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला लिफ्टपाशी गाठलं. “अगं, तुझ्या त्या फॉर्मात करंदी दोन वाटे लिहिलं की लाल होतंय. म्हणे योग्य संख्या भरा. करंदी कधी कुणी किलोवर घेतलीय का?”

करंदी, जवळा, मांदेली बाजारात वाट्यावर मिळतात, हे मला काय माहीत नव्हतं? हातात पिशवी घेऊन मीच सांगते, एक वाटा द्या म्हणून. पण फॉर्म करायला बसले आणि बाजारातली मी घरीच राहिले. काकूंच्या पिशवीतून करंदीचा वास येत होता. ती त्यांनी दुसरीकडून घेतली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी दिवाळ्याला गेले. मावशी खाटेवर पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. मी माफी मागते आहे तोवर त्यांचा फोन वाजला. कुणी गिऱ्हाईक उद्या काय मिळेल म्हणून विचारत असावं.

“काय मिळंल ते सोड,” मावशी म्हणाल्या. “मानसं किती हायेत जेवायला? पोरगी आली हॉस्टेलवरनं? मंग मांदेली नको, तिला काट्यांचा कंटाला. कोलंबी धाडते.” आणि फोन ठेवला.

पलीकडच्याला एकाही माशाचं नाव घ्यावं लागलं नव्हतं. मग आठवलं, मी तरी कुठे निवडते? हलव्याकडे हात नेला की त्या मनगट धरतात, “ते नको, हे ने.” आणि मी नेते.

तिथेच खाटेशेजारी लॅपटॉप उघडला आणि रकाने पुसत गेले. प्रत्येक घराला वेगळी लिंक दिली, म्हणजे नाव-पत्ता कुणी लिहायलाच नको. माशांची यादी गेली, किलो गेले, ‘भरलंच पाहिजे’ सांगणाऱ्या लाल चांदण्या गेल्या. उरला एक प्रश्न, ‘उद्या किती माणसं जेवायला?’, त्याखाली आकड्यांची बटणं, आणि काही सांगायचं असेल तर एक मोकळी ओळ. इतका बोडका फॉर्म मी ऑफिसात दाखवला असता तर हसं झालं असतं.

सकाळी सात वाजता सुनेचा फोन आला. एकवीस घरं! मावशी खाटेवरून वाटण्या सांगत होत्या, कुणाला काय, कुणाला किती, कुणाचा गुरुवार. पुढल्या आठवड्यात काकूही परत आल्या. मोकळ्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, ‘चार माणसं, आणि राग नसावा.’

तीन महिन्यांनी मावशी बाजारात परतल्या, या वेळी खुर्चीवर. मी पोचले तेव्हा समोर सात-आठ जणी उभ्या होत्या, शेजारच्या टोपलीकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. मावशी एकीला ओरडत होत्या, दुसरीची पिशवी भरत होत्या. मला बघून म्हणाल्या, “बाय, तो तुझा फारम बंद कर आता. मी हाय.”

मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवरून तो बंद केला. स्वतः केलेला फॉर्म बंद करताना इतकं बरं मला आधी कधी वाटलं नव्हतं.