भांडणं सोडवणारी कुर्ली

पावस गावाला जाणाऱ्या एसटीत शेजारी बसलेल्या मावशींचं नाव मी विचारलंच नाही. पायाशी मासळीची रिकामी टोपली ठेवून त्या माझ्या तळहाताकडे टक लावून बघत होत्या. पटावरच्या लढाईच्या खेळासाठी परग्रहावरचे जीव घडवायचा मला नाद आहे. त्या दिवशी हातात मातीचा, खेकड्यासारखा, सहा पायांचा, मोठ्या नांग्यांचा सैनिक होता.

"ही कुर्ली कुठली रे?"

"दुसऱ्या ग्रहावरची, मावशी. तिथले सगळे लढवय्ये."

"सगळेच? मग भांडणं सोडवतं कोण?"

तेवढ्यात मागे कंडक्टर आणि एका प्रवाशाची सामानावरून जुंपली. मावशी उठल्या, कमरेवर हात ठेवून दोघांकडे नुसत्या बघत राहिल्या. दोघंही गप्प झाले. मग खाली बसत मला म्हणाल्या, "असा कोणतरी लागतो रे."

घरी येऊन मी तशीच एक कुर्ली केली. हातात शस्त्र नाही, एक नांगी कमरेवर. नियम असा, की ती उभी असेल तिथे कोणी हल्ला करायचा नाही.

रविवारी मित्राचं जिंकत आलेलं सैन्य नेमकं तिच्यापाशी अडलं. "हा कसला भिकार नियम!" म्हणून तो माझ्यावरच ओरडायला लागला. मी तिला उचललं आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं.

तो क्षणभर तिच्या कमरेवरच्या नांगीकडे बघत राहिला आणि खो खो हसत सुटला.