काढून टाकलेला मेसेज

दर शनिवारी सकाळी मी कात्रजच्या एका वाचनालयात लोकांना शिकवायचो, की जातीधर्मावरून कोणी मोबाइलवर गरळ ओकली तर तक्रार कशी करायची. समोर बहुतेक निवृत्त मंडळी आणि कॉलेजातल्या मुली असत. माझं पहिलं वाक्य ठरलेलं होतं : "आधी स्क्रीनशॉट घ्या. लिहिणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मग बाकीचं."

धायरीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मीच, त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही मीच. तळमजल्यावर एक काकू राहतात. बौद्ध, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. जयंतीला त्यांनी गॅलरीत निळा झेंडा लावला. दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ग्रुपवर एक मेसेज टाकला. त्यातले शब्द मी इथे लिहीत नाही. काकूंच्या जातीबद्दल होतं, नोकरीबद्दल होतं, आणि 'असल्यांना' फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरबद्दलही. खाली दोघांनी हसणारे चेहरे टाकले होते.

या गृहस्थांच्या गाडीतून मी रोज हिंजवडीला जायचो. मी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला आणि लिहिलं, 'ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे, कृपया नोंद घ्यावी.' मला चक्क बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी गाडीत आम्ही ट्रॅफिकबद्दल बोललो.

त्या संध्याकाळी काकू आल्या.

"मी वाचला होता तो मेसेज. पुन्हा उघडला तर तुम्ही काढलेला. मला पोलिसांत द्यायचाय. तुमच्याकडे फोटो असेल ना?"

"नाही, काकू. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून लगेच काढला."

हे खोटं होतं. त्यांचा विचार मी केलाच नव्हता.

"मला काय वाटायचं ते वाटून झालं," त्या म्हणाल्या. "आता पुरावा हवाय."

"जाऊ द्या ना, काकू. रोज एकमेकांची तोंडं बघायचीयत."

"मला तर बघायचीच आहेत," एवढं बोलून त्या वळल्या.

पण खाली गेल्या नाहीत. एकेक दार वाजवून मेसेजचा फोटो मागत राहिल्या. कोणाच्या फोनमध्ये नव्हता, कोणाला आठवत नव्हतं. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या जिना चढत होत्या आणि मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. पुढे बायकोकडून कळलं की काकू रिक्षाने एकट्याच पोलीस चौकीत जाऊन आल्या. अर्ज घेतला, पण मेसेज कुठाय, असं विचारलं.

त्या शनिवारी वाचनालयात एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलं, "लिहिणारा शेजारीच असेल तर हो?"

"शेजारी असला तरी गुन्हा तो गुन्हाच," मी म्हणालो. न अडखळता. सगळ्यांनी मान डोलावली. परत येताना बसमध्ये मला माझीच शिसारी आली. घरी न जाता मी तसाच चौकीत गेलो आणि लिहून दिलं : मेसेज होता, मी वाचला होता, आठवतात ते शब्द असे होते, आणि तो मीच काढला.

"एवढे दिवस काय करत होतात?" हवालदारांनी विचारलं. मी जबाबाखाली सही केली.

गृहस्थांना चौकीत बोलावलं गेलं. आधी त्यांनी नाकारलं, मग माझा जबाब वाचून दाखवल्यावर कबूल केलं. तक्रार पुढे गेली, अजून चालू आहे. त्यांनी ग्रुपवर दोन ओळींची माफी टाकली, पण काकू कधीच ग्रुप सोडून गेल्या होत्या. मला त्यांनी पुन्हा गाडीत घेतलं नाही.

जबाबाची प्रत घेऊन मी काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

"काकू, मी चुकलो."

"हो," त्या म्हणाल्या. कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "पाण्याची टाकी कधी धुणार आहात? सेक्रेटरी म्हणून विचारतेय."

"रविवारी," मी म्हणालो.

त्यांनी आत या म्हटलं नाही.