अकरमची राहिलेली दुरुस्ती

फोन आला तेव्हा मी वडनेर भोलजीला घरीच, लॅपटॉपसमोर होतो. अकरमनं आदल्या दिवशी पाठवलेला कोड तपासत होतो. मोताळ्याहून त्याचा भाऊ बोलत होता. "विनूभाऊ, भाई गेले..." फोन ठेवला तरी समोर अकरमची अर्धी दुरुस्ती तशीच उघडी होती.

आम्ही बुलडाण्याला एकत्र शिकलो. मी पुण्यात नोकरी केली, मग गावी येऊन घरूनच काम करू लागलो. तो मोताळ्यातच राहिला, वडिलांचं कापडाचं दुकान सांभाळत. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यामागे बसून कोड लिहायचा. बाजाराच्या दिवशी लॅपटॉप उघडायचा नाही, हा शाहीनभाभीचा, त्याच्या बायकोचा नियम. तो त्यानं फारसा पाळला नाही. त्यातूनच त्याची लायब्ररी उभी राहिली. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामरांनी आपल्या ॲपला जोडायचा तयार कोड. ॲपच्या वतीनं वेबसाइटकडे माहिती मागायची आणि उत्तर घेऊन यायचं, एवढंच तिचं काम. ती सगळ्यांना खुली होती, मोफत. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ती वापरत.

गेल्या वर्षी त्याच्या किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिससाठी बुलडाण्याच्या खेपा सुरू झाल्या. त्यातच कुणा परदेशी माणसानं त्याला एक चूक कळवली. एका वेबसाइटनं ॲपला दुसरीकडे वळवलं, की ही लायब्ररी ॲप वापरणाऱ्याचा पासवर्ड त्या दुसऱ्या वेबसाइटलाही देऊन टाकत होती. अकरमचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. एका हाताला सुया, दुसऱ्या हातानं मोबाइलवर मला निरोप लिहायचा.

मी एकदा चिडलो. "आधी तब्येत पाह्य बे. महिनाभर थांबलं तर काय होते?"

"ज्याचा पासवर्ड जाऊन राह्यला, त्याले माहीत तरी आहे का?" तो म्हणाला. "तो आपल्या भरवशावर बसला आहे. मले झोप लागत नाही, विन्या."

मग आम्ही दोघांनी मिळून काम धरलं. ते संपायच्या आतच तो गेला...

दफनानंतर त्याच्या घरी गेलो. आतल्या खोलीतून भाभींनी विचारलं, "भाऊ, त्यायचं ते काम झालं काय?"

"थोडं राहिलं, भाभी."

"मंग करून टाका. शेवटपर्यंत तेच बोलून राह्यले होते."

लायब्ररीची नवी आवृत्ती प्रसिद्ध करायचे अधिकार त्यानं आजारपणातच मला दिले होते. पण तपासताना दिसलं, की वेबसाइटनं दोनदा वळवलं तर पासवर्ड पुन्हा निसटतोय. त्याला दाखवल्याशिवाय त्याच्या कोडमध्ये मी कधी काही बदललं नव्हतं. बदलायच्या त्या दोन ओळींपाशी येऊन मी कित्येक दिवस परत फिरत होतो. जेवताना त्याच, गाडी चालवताना त्याच. शेवटी बदलल्या आणि नवी आवृत्ती सोडली. सोबत त्याच्याच पद्धतीनं लिहिलं : नवीन काही नाही, एक गळती बंद केली आहे, सर्वांनी बदलून घ्यावं. "धन्यवाद, अकरम," असं एकानं लगेच लिहिलं.

कोडच्या चाचण्या चालू असताना अकरमला बसवत नसे. सगळ्या पार पडल्या, की पडद्यावर हिरवी खूण येते. तो दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहायचा आणि तिथूनच मला फोनवर विचारायचा, "हिरवं झालं का?" परवा एक लहानशी दुरुस्ती तपासायला लावली आणि मी उठून अंगणात आलो. आईनं विचारलं, "काऊन उठला रे?"

"काही नाही," म्हणालो.

आत चाचण्या संपल्या असाव्यात. मी मात्र बाहेरच उभा होतो.