तांदळात ठेवलेली हार्ड डिस्क

तांदळाचा डबा उघडला, की त्या वासाबरोबर मला मुंबईच्या चुलतभावाची हार्ड डिस्क आठवते. सुट्टीत तो आमच्या गावी आला, तेव्हा खाऱ्या हवेने ती बिघडू नये म्हणून आईने मे महिनाभर आमच्या तांदळात पुरून ठेवली होती. तो समुद्रात डुंबायचा आणि त्याच्या कन्सोलवर, त्याच्याच नावाने, मी एकेक लेव्हल पार करायचो. निघायच्या सकाळी त्याने सगळा गेम त्या डिस्कवर उतरवून घेतला. पडद्यावरचे त्याचे नाव बघून आई कौतुकाने म्हणाली, "सगळो खेळ जिंकलंस रे झिला!" तो नुसता हसला. मी दारात उभा राहून जळत होतो. आता माझा स्वतःचा कन्सोल आहे, हार्ड डिस्कही माझीच. आई मात्र ती तांदळात पुरताना अजून विचारते, "त्याच्यासारखा खेळूक जमता काय रे तुका?"