अर्जातला चौथा परिच्छेद

माझ्या निरोपाच्या जेवणाने आमचं निम्मं कार्यालय आडवं केलं. शहापुरात तालुक्याच्या एका कार्यालयात मी तीस वर्षं कारकुनी केली आणि शेवटच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जेवायला नेलं. शाल, नारळ, भाषणं, पनीर, जिरा राईस. दुसऱ्या दिवशी सात जण रजेवर होते आणि माझी बायको सरकारी दवाखान्यात सलाइन लावून पडली होती.

कारण मला ठाऊक होतं. हॉटेलातलं बेसिन तुंबलेलं, म्हणून वेटरने हात धुवायला मागचं दार दाखवलं. मागे एक निळा ड्रम होता. आतून बोटभर शेवाळ. त्यातच उष्टे ग्लास बुचकळत होते आणि त्यातलंच पाणी जगांत भरून टेबलांवर चाललं होतं. चिरलेल्या कांद्याची परात संडासाच्या दाराशी. हे सगळं पाहून मी परत आलो आणि मुकाट्याने जेवलो, कारण सत्कार माझा होता आणि ताट वाढलेलं होतं. बायकोलाही जेवू दिलं. माझ्या भिडस्तपणाची मला आजही किळस येते.

तक्रार करायची म्हटल्यावर सातही आजाऱ्यांनी माना फिरवल्या. साहेबांच्या बैठकीचा चहा त्याच हॉटेलातून येतो, मालक सगळ्यांना नावाने हाक मारतो, उगाच वाईटपणा कोण घेणार? एक जण पोट धरूनच म्हणाला, "उन्हाचं झालं असेल वो." असल्या माणसांबरोबर मी तीस वर्षं डबा खाल्ला.

मग अर्ज मीच लिहिला. आता माझ्याविषयी एक सांगायला हवं. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे अर्ज निकाली काढले. गावाकडची माणसं अर्ध्या पानावर आपलं रडगाणं लिहून आणायची. त्यात ना विषय, ना संदर्भ, ना तारीख. मी ते "त्रुटी" असा शेरा मारून परत करायचो आणि त्यात मला मजा यायची, हे कबूल करतो. त्यामुळे माझा अर्ज कसा असावा, याबद्दल माझी घमेंड मोठी होती. तीन पानं झाली. परिच्छेदांना क्रमांक दिले. चांगल्या टिपणीत नुसता दोष दाखवत नाहीत, तुलनाही देतात, म्हणून चौथ्या परिच्छेदात मी भाकरीवाल्या बाईंविषयी लिहिलं.

या बाई आमच्या कार्यालयाच्या भिंतीला लागून पंधरा वर्षं चूल मांडून बसायच्या. तांदळाची भाकरी, वालाची भाजी, सुकटीची चटणी. डोक्याला घट्ट फडकं, पाणी घरून उकळून आणलेलं. हंड्याला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आमच्या साहेबांनी एकदा थेट पेला बुडवला, तर म्हणाल्या, "सायब, हात नका घालू, मी देते ना." त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला आणि मुलगी नर्सिंगला. तिघांचं पोट त्या एका चुलीवर होतं. हॉटेलासमोरच एक अडाणी बाई इतकी स्वच्छता ठेवू शकते, असं मी लिहिलं आणि बाई नेमक्या कुठे बसतात, किती वाजता बसतात, तेही लिहिलं. 'अडाणी' हा शब्दही माझाच. अर्ज परिपूर्ण झाला होता.

अन्न निरीक्षक जिल्ह्याहून यायचे. टोकावड्याच्या ढाब्यांपासून वाशिंदच्या वडापावपर्यंत शहापूर-मुरबाड सगळं त्यांच्याच अखत्यारीत, त्यामुळे यायला महिना लागला. हॉटेलला मात्र दोन दिवस आधीच कळलं होतं. माझ्या अर्जाची प्रत मालकाला 'खुलाशासाठी' गेली होती. बोलणार कोणत्या तोंडाने? मीही हेच करत आलो होतो. त्या दिवशी सकाळपासून फिनेलचा वास रस्ता ओलांडून येत होता. ज्यांनी जन्मात टोपी घातली नाही ते वेटर कागदी टोप्या घालून उभे होते, आणि ड्रमावर ताडपत्री अंथरून वर कुंडी ठेवली होती.

निरीक्षक आले ते थेट फॅमिली रूममध्ये, एसीखाली बसले. भिंतीवरच्या चौकटीतला परवाना वाचला, नमुना म्हणून वाटीभर पनीर बाटलीत घेतलं आणि उरलेलं स्वतः जेवले. मागचं दार त्यांनी उघडलंच नाही, हे सगळं वेटरने मला नंतर सांगितलं. मी भिंतीपाशी भाकरी खात उभा होतो. थोड्या वेळाने ते दात कोरत रस्ता ओलांडून आले, हातात माझा अर्ज.

"चौथ्या परिच्छेदातल्या बाई कुठायत?"

मी अभिमानाने बोट दाखवलं. वाटलं, साहेब स्वच्छता बघायला आले. बाईंनीही पदर सावरून स्टूल पुढे केलं.

"नोंदणी दाखवा."

बाईंनी पिशवीतून आधार कार्ड काढलं.

"हे नाही. धंद्याची नोंदणी."

ती नव्हती. पंधरा वर्षांत कुणी मागितली नव्हती. मी मध्ये पडलो, हॉटेलातला ड्रम बघा म्हणालो, आवाज चढवला. निरीक्षक शांतपणे म्हणाले, "त्यांच्याकडे परवाना आहे, काका. यांच्याकडे काय आहे?" तासाभरात चूल विझवून बाई हंडा डोक्यावर घेऊन गेल्या. माझ्या ताटलीत अर्धी भाकरी होती.

नोंदणीचा फॉर्म मी स्वतः भरून आमच्याच कार्यालयात दिला, जिल्ह्याला तो तिथूनच जायचा. जागेचा पुरावा हवा होता. भिंत सरकारी, तिच्या सावलीचा पुरावा कोण देणार? माझ्या जुन्या खुर्चीवर बसलेल्या मुलीने फॉर्मवर शेरा मारला: "त्रुटी." अक्षर नवं होतं, शेरा माझाच होता.

मग पत्र आलं. तक्रारीच्या अनुषंगाने कारवाई करण्यात आली आहे. विनानोंदणी खाद्यविक्री बंद करण्यात आली असून परवानाधारक हॉटेलला सुधारणेच्या सूचना दिल्या आहेत. समाधान झाले असल्यास खालील भागावर स्वाक्षरी करून परत पाठवावे. मी ते पत्र टेबलावर आपटलं आणि दुसऱ्या अर्जाला बसलो. या खेपेला मंत्रालयापर्यंत जायचं, असं ठरवलं होतं.

अर्ज टाकायला निघालो, तर हॉटेलवर नवी पाटी दिसली: चुलीवरची भाकरी मिळेल. मी गल्लीने मागे गेलो. बाई तिथे बसल्या होत्या, डोक्याला तेच फडकं.

"भाऊ, तुमी?"

माफी मागायची होती, ती मागितली.

"माझं कशाला लिवलं तुमी त्यात?"

"चांगलंच लिहिलं होतं, बाई."

"चांगलं खानाऱ्याला सांगायचं. सायबाला कशाला?"

मी खाली बघितलं. बाजूला निळा ड्रम होता, धुतलेला, वर झाकण, झाकणावर लांब दांड्याचा डाव.

"पयल्या दिशीच घासला," त्या म्हणाल्या. "आत काय काय निघालं ते नाय सांगत. तुमी जेवलेत त्यातलं." मग माझ्या हातातल्या पाकिटाकडे त्यांची नजर गेली. "आनि हे काय?"

मी सांगितलं.

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "हे हाटेल बंद केलंत तर मी कुठं बसू?" त्या म्हणाल्या. "पोरीचं शेवटचं वरीस हाय. आता नका लिवू, भाऊ."

त्या हॉटेलचं जेवण हल्ली सुधारलंय, असं कार्यालयात सगळे म्हणतात. मालक ते स्वतःच्या नावावर सांगतो आणि निरीक्षक आपल्या सूचनांच्या नावावर. दोघांच्याही तोंडाकडे मला बघवत नाही.

घरी येऊन मी पाकीट फाडलं. टेबलावरचं पत्र जवळ ओढलं, 'समाधान झाले' या शब्दांखाली सही केली आणि सवयीने तारीखही घातली.