पायातल्या पट्टीची चोरी

ती चोरी मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण माणसाच्या पायातून काढलेले लोखंड चोरीला गेल्याची फिर्याद माझ्याकडे एकदाच आली.

पन्नास सालानंतरचा तो काळ. मी बारामती ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी पाहत होतो, तेव्हा कऱ्हाटीची एक बाई समोर येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याची नडगी बैलगाडीच्या चाकाखाली मोडली होती. बारामतीतल्या एका खाजगी डॉक्टरांनी हाडावर पोलादी पट्टी बसवली. वर्षाच्या आत पाय सुजला, पू झाला. पट्टी काढली तेव्हा ती मधोमध तुटलेली निघाली. ते तुकडे बाईने मागून घरी नेले होते.

"कशाला नेले, बाई?" हवालदाराने विचारले.

"त्यांच्या अंगातलं हाय. टाकून कसं देऊ?" ती म्हणाली. "दवाखान्यातनं आलोय म्हणून एक साहेब आला. तुकडं मागाया लागला. मी न्हाय म्हनलं. दुसऱ्या दिशी मळ्यातनं आले तर फडताळातनं तेवढंच गेल्यालं. चांदीचं तोडं तितंच हायेत."

हवालदार हसला. मला हसू आले नाही. चांदी सोडून गंजके लोखंड नेणारा चोर पोटासाठी चोरी करत नसतो. फिर्याद नोंदवून घेतली आणि पंचनाम्यासाठी कऱ्हाटीला गेलो.

नवरा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी विचारपूस केली तरी तो वळला नाही.

"साहेब, ऱ्हाऊ द्या. चूक माझीच हाय. डाक्टर म्हनले, तू पाय लवकर टेकलास म्हणून पट्टी मोडली."

"टेकला होतास का?"

"आठवत न्हाय. पर डाक्टर खोटं कशाला बोलतील?"

बायको पंचांबरोबर दारात उभी राहून ऐकत होती. ही गोष्ट त्याने तिलाही सांगितली नव्हती.

खबर मिळाली ती एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याकडून. शहरी कपड्यातला, कातडी बॅगवाला एक इसम इंदापूरच्या गाडीत बसला होता. लोणी देवकरला पायातली पट्टी काढलेला माणूस कुठे राहतो, अशी चौकशी तो करत होता. मी इंदापूरच्या फौजदारांना कळवले आणि त्यांनी त्याला लोणी देवकरलाच धरले. बॅगेत अशा बऱ्याच पट्ट्या निघाल्या. काही तुटलेल्या, काही स्क्रूच्या भोकांशी गंजलेल्या. एक मोडकी पट्टी जुन्या लुगड्याच्या चिंधीत होती. बाईने चिंधी लगेच ओळखली.

हा इसम पट्ट्या बनवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीचा माणूस होता. ठाण्यात तो मुळीच घाबरला नाही.

"माल आमचाच आहे. संशोधनासाठी परत घेतो," तो म्हणाला.

"घरात कुणी नसताना?"

संशोधन कोण करतो, असे विचारल्यावर त्याने पट्टी बसवणाऱ्या त्याच डॉक्टरांचे नाव सांगितले आणि त्यांनी मासिकात लेख लिहिल्याचेही सांगितले.

डॉक्टरांना मी चांगला ओळखत होतो. शिपायांची मुले ते फुकट तपासत. त्यांना ठाण्यात बोलावले, हवालदाराला बाहेर पाठवले आणि सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या.

"ही पट्टी निर्धोक आहे, असा लेख आपण वैद्यकीय मासिकात लिहिलात म्हणे?"

"हो."

"खर्च कोणी केला?"

"कंपनीने. एक्स-रेचे यंत्रही त्यांनीच दिले."

"मग या मोडक्या पट्ट्या लेखात कुठे आहेत?"

त्यांनी एक मोडकी पट्टी उचलली आणि परत ठेवली. "नाहीत. हे रोगी पुन्हा तपासणीला आले नाहीत, असे मी लिहिले."

"आले नव्हते?"

"आले होते. सगळेच आले होते." चष्मा काढून त्यांनी डोळे झाकले. "यंत्र आले तेव्हा वाटले, इथल्या माणसाची पुण्याची खेप वाचेल. पहिली पट्टी मोडली तेव्हा वाटले, एखादी मोडायचीच. मग कंपनीचा हा माणूस म्हणाला, रोग्यानेच पायावर भार दिला असेल. तेच मी सगळ्यांना सांगत गेलो. ते मान खाली घालून ऐकत होते, फौजदारसाहेब. एकानेही उलट विचारले नाही."

घरात शिरून चोरी केल्याबद्दल त्या इसमाला पुढे शिक्षा झाली. डॉक्टरांसाठी मी कायद्याचे पुस्तक चाळले, सरकारी वकिलांना विचारले. लावावे असे कलम सापडले नाही. डॉक्टरांना पुन्हा बोलावले तेव्हा अंगावर वर्दी असून रिकाम्या हाताने त्यांच्यासमोर बसण्याची मला लाज वाटली.

"अजून कुणाच्या पायात ही पट्टी आहे?" मी विचारले.

"पुष्कळांच्या."

"त्यांना कोण सांगणार?"

ते उठले. "आधी कऱ्हाटीला जाऊ," म्हणाले.

त्या घरात ते बाजेपाशी उभे राहिले. "पाय तुम्ही लवकर टेकला नव्हता. पट्टीच वाईट होती. मला ते ठाऊक होतं."

नवराच ओशाळला. "बसा की डाक्टर, हुभं का? अगं, च्या ठेव."

बाई जागची हलली नाही. "च्या मागनं. आधी परत सांगा. वस्तीवरचं आबा, तात्या, समद्यांना बोलावते. पंचांनी ऐकल्यापासनं लंगड्यानं घाई केली म्हणून समदे ह्यांना हसत्यात. त्यांच्यासमोर सांगा."

माणसे जमली. डॉक्टरांनी तेच शब्द पुन्हा उच्चारले, या वेळी मोठ्याने. मी जमिनीकडे पाहत होतो. वर पाहिले तेव्हा नवरा भिंतीचा आधार घेऊन उठून बसला होता आणि जमलेल्या माणसांकडे पाहत होता.

पुढे गावोगावच्या पाटलांना सांगून आम्ही माणसे बोलावली. वडगाव निंबाळकरहून, इंदापूरकडून लोक गाड्यांतून आले. डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या. कंपनीने यंत्र परत नेले. डॉक्टरांनी दुसरा लेख लिहून पाठवला. तो छापला गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. कऱ्हाटीच्या माणसाचा पाय आखूडच राहिला.

तोवर माझी समजूत अशी होती की गुन्हेगाराची नजर खाली असते. या प्रकरणानंतर ती समजूत गेली. ठाण्यात कुणी मान खाली घालून बसलेला दिसला, की मी आधी एवढेच शोधू लागलो, की ही लाज त्याची स्वतःची आहे, की कुणी आणून त्याच्या गळ्यात घातली आहे.