नर्सरीतला नाटकाचा तास

नर्सरीतल्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत हो! संध्याकाळी घरी येते तेव्हा ओढणीला डिंक आणि डोक्यात दोन किस्से चिकटलेले असतातच.

राइट टाउनमधल्या आमच्या शाळेत मी तीन-चार वर्षांच्या पोरांना इंग्लिश शिकवते, तेही नाटक करून. कधी दुकान, कधी दवाखाना. बड्या मॅडमना, म्हणजे आमच्या प्रिन्सिपलना, हे बिलकुल पटत नव्हतं. "ती सई जूनपासून एक शब्द बोलली नाही. शनिवारी पालकांसमोर बोलली तर ठीक, नाहीतर हा तमाशा बंद! सीधे एबीसीडी!"

झालं!

*

साडीचं दुकान. अथर्व दुकानदार, मनवा गिऱ्हाईक. मनवाने माझी ओढणी बोटांत चोळून पाहिली, नाक मुरडलं, "हाऊ मच?" "हंड्रेड." "नो, नो!" म्हणत बाई चक्क वर्गाबाहेर चालू पडली. अथर्व मागे धावला, "दीदी, कम, कम! फिफ्टी!"

बड्या फुहाऱ्याच्या बाजारात आईचं बोट धरून फिरलेली पोरं ती. त्यांना मी काय शिकवणार, कपाळ!

*

दवाखाना. पेशंट पोट धरून "पेन! पेन!" ओरडून राहिला होता. डॉक्टर कबीरने खेळण्यातला मोबाइल कानाला लावला, बोट वर केलं, "वन मिनिट." अन् फोन संपेचना! शेवटी पेशंटच उठला, "आय ॲम ओके. बाय!"

*

घरी पाहुणे. "टी?" "नो, थँक यू." "प्लीज, टी?" "नो, नो!" वा, काय इंग्लिश! मी खूश. इतक्यात मनवाने कप उचलून नेला आणि पाहुणी भोकाड पसरून रडायला लागली.

"अगं, काहून रडून राहिली?"

"टीचर, इसने तीसरी बार पूछा ही नहीं!"

*

शनिवार. पालक भिंतीला टेकून, मॅडम दारात हाताची घडी घालून. खेळ शेअर ऑटोचा. सईला मी ड्रायव्हर केलं, हातात स्टीलची थाळी दिली. म्हटलं, बोलायचं नसेल तर नुसती फिरव बाई.

सवाऱ्या मागच्या खुर्च्यांवर बसल्या. "स्टार्ट! स्टार्ट!" पोरं ओरडली. सई गप्प. तिच्या आईचा चेहरा एवढासा झाला. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात एबीसीडीचा तक्ता भिंतीवर टांगला.

तेवढ्यात सईने थाळी मांडीवर ठेवली, मान बाहेर काढली आणि थेट मॅडमकडे बोट करून ओरडली, "वन मोअर! कम, कम!"

मला तर रडूच फुटलं. मॅडम आल्या, पर्स मांडीवर घेऊन त्या इवल्याशा खुर्चीत बसल्यासुद्धा!

"आता स्टार्ट?" मी विचारलं.

"नो!" सईने मागे वळून पाहिलं. "मॅडम, लिटिल साइड! मम्मी, कम!"

आणि मॅडम सरकल्या.